आधी केमो, मग शस्त्रक्रिया: पित्ताशयाच्या वाढलेल्या कर्करोगावरील एकत्रित उपचारसेवेचा अनुभव

माझ्या थोरल्या बहिणीवर पित्ताशयाच्या कर्करोगासाठी एका कर्करोग रुग्णालयात आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया आणि पुन्हा केमोथेरपी अशा क्रमाने उपचार झाले. निदान झाल्याला आता पावणेदोन वर्षे होतील. या काळात तिच्यासोबत जवळजवळ प्रत्येक फेरीला मी होते, म्हणून या सेवेत काय चांगले मिळाले आणि कुठे आम्हाला एकटे सोडले गेले हे सविस्तर लिहीत आहे. केमो देणारी आणि ऑपरेशन करणारी रुग्णालये पुष्कळ आहेत. या आजारात खरा कस लागतो तो या दोहोंच्या मधल्या सांध्यावर, म्हणजे ऑपरेशन करायचे की नाही, करायचे तर कधी, आणि हे कोणी मिळून ठरवायचे, या प्रश्नांवर. आमच्या अनुभवातली सर्वांत मोलाची गोष्ट या सांध्यावरच मिळाली आणि सर्वांत मोठी तक्रारही तिथलीच आहे.

पित्ताशय म्हणजे यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेली, नासपतीच्या आकाराची छोटी पिशवी. तिची भिंत पातळ असते आणि यकृताला टेकलेल्या बाजूला तर तिच्यावर बाहेरचे आवरणही नसते. त्यामुळे तिथे उगवलेली गाठ भिंत ओलांडून थेट यकृतात शिरायला वेळ लावत नाही. पित्तनलिका, यकृताकडे जाणारी रोहिणी आणि मोठी पोर्टल शीर या सगळ्या अगदी शेजारीच असतात. सुरुवातीला दुखत नाही, आणि थोडेफार दुखले तरी पित्ताशयातील खड्यांचे दुखणे म्हणून त्याकडे काणाडोळा होतो. ताईच्या पोटात अधूनमधून दुखे, त्याकडे आम्हीही खड्यांचा त्रास म्हणूनच पाहिले. डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन झाला, आणि पाच सेंटीमीटरची गाठ यकृतात शिरलेली, पित्तनलिकेला दाबणारी, शेजारच्या लसीका ग्रंथी सुजलेल्या असे चित्र पुढे आले.

ज्या पहिल्या रुग्णालयात आम्ही गेलो, तिथे दोन दिवसांत ऑपरेशन करून टाकू असे सांगण्यात आले. बायोप्सी नाही, कावीळ उतरवण्याचा विचार नाही, आजार पोटात आणखी कुठे गेला आहे का याची तपासणी नाही. घाबरलेल्या घराला लगेच मिळणारी तारीख फार मोठा आधार वाटते, आणि आम्ही जवळजवळ होकार देऊन बसलो होतो. नात्यातल्या एका डॉक्टरांनी आग्रहाने दुसरे मत घ्यायला लावले. आज मागे वळून पाहताना वाटते की त्या आठवड्यातली ती एक थांबणूक पुढच्या सगळ्या उपचारांइतकीच महत्त्वाची ठरली. इतक्या पसरलेल्या गाठीवर थेट सुरी चालवली तर ती बहुधा पूर्ण निघत नाही, आणि अर्धवट निघालेल्या गाठीचा रुग्णाला फायदा होत नाही. उलट ऑपरेशनमधून सावरण्यात दीड-दोन महिने जातात आणि तेवढा काळ औषध लांबणीवर पडते.

कर्करोग रुग्णालयात पहिल्याच आठवड्यात ताईचे प्रकरण ट्यूमर बोर्डापुढे ठेवले गेले. एका खोलीत यकृत-पित्ताशयाचे शल्यविशारद, केमोचे डॉक्टर, स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून एकेका रुग्णाविषयी ठरवतात, त्याला हे नाव आहे. बैठकीनंतर शल्यविशारदांनी आम्हाला आत बोलावले आणि पडद्यावर स्कॅन लावून दाखवला. पित्ताशयाचा भाग आणि पोर्टल शीर यांच्या मध्ये निरोगी माणसात चरबीची एक बारीक काळी रेघ दिसते. ताईच्या स्कॅनमध्ये ती एका ठिकाणी पुसट झालेली होती. त्या जागी पेनाचे टोक ठेवून ते म्हणाले, "ताई, ही रेघ जोवर नीट दिसत नाही, तोवर मी ऑपरेशनची तारीख देणार नाही. औषधाने ती मोकळी झाली तर पुढचे बोलू. नाही झाली, तर ऑपरेशन तुमच्या हिताचे नाही, हेही मीच सांगेन." मला वाटते, या सेवेतील सर्वांत उत्तम गोष्ट हीच होती. पुढच्या सहा महिन्यांत आम्ही कशाची वाट पाहणार आहोत, हे आम्हाला डोळ्यांनी दिसले.

त्या बैठकीत त्यांनी आणखी एक गोष्ट लपवली नाही. केमो सुरू करणाऱ्या अशा रुग्णांपैकी निम्म्याहून कमी रुग्ण प्रत्यक्ष शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात. काहींची गाठ औषधाला दाद देत नाही, काहींमध्ये ती पोटाच्या पडद्यावर किंवा दूरच्या ग्रंथींमध्ये पसरते, काहींची तब्येत तेवढी साथ देत नाही. हे ऐकून ताई त्या दिवशी घरी येऊन कोणाशी बोलली नाही. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली की खोटी आशा दाखवली असती तर मला त्या माणसाच्या हाती पोट द्यावेसे वाटले नसते.

केमो लगेच सुरू होऊ शकत नव्हती. कावीळ किती आहे हे सांगणारे रक्तातील बिलिरुबिन चौदाच्या वर होते, आणि एवढ्या काविळीत ही औषधे देता येत नाहीत. म्हणून सोनोग्राफीच्या आधाराने त्वचेतून यकृतातल्या पित्तनलिकेत नळी घालून पित्त बाहेर काढण्यात आले, ज्याला पीटीबीडी म्हणतात. याच सुमारास सुईने गाठीचा तुकडा घेऊन बायोप्सी झाली. ज्या रुग्णाचे थेट ऑपरेशन व्हायचे असते, त्याच्या पित्ताशयात पेशी सांडण्याच्या भीतीने सुई घालणे सहसा टाळतात. आधी केमो द्यायची तर मात्र निदान कागदावर पक्के असल्याशिवाय औषध सुरू करत नाहीत. हा फरक आम्हाला कोणीतरी नीट समजावून सांगितला याचे मला आजही बरे वाटते, कारण शेजारच्या खाटेवरील रुग्णाची बायोप्सी झाली नाही आणि आमची का झाली, या शंकेने आम्ही दोन रात्री अस्वस्थ होतो.

ती नळी आणि तिला जोडलेली पिशवी यांच्यासोबत आम्ही चार आठवडे काढले. रोज सकाळी पिशवीतले पित्त मोजायचे, रंग पाहायचा, दहा मिलिलिटर सलाईनने नळी धुवायची आणि वहीत नोंद करायची. पहिल्या दिवसांत पित्त काळपट हिरवे यायचे, पुढे ते सोनेरी पिवळे होत गेले, आणि ताईच्या डोळ्यांतला पिवळेपणा त्याच वेगाने ओसरला. नळी धुण्याचे शिकवणाऱ्या परिचारिकेने माझ्याकडून ते तीन वेळा करून घेतल्याशिवाय आम्हाला घरी सोडले नाही. चौथ्या आठवड्यात बिलिरुबिन दोनच्या खाली आले. सीए १९-९ ही कर्करोगाची रक्तातील खूण डॉक्टरांनी तेव्हा पुन्हा मोजली आणि तोच आकडा पुढच्या तुलनेसाठी धरला, कारण काविळीमुळेही ती खूण फुगते. काविळीतला आकडा पाया धरला असता, तर पुढची घट औषधामुळे झाली की पित्त मोकळे झाल्यामुळे, हे कळलेच नसते.

औषधे जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही होती. दर एकवीस दिवसांच्या फेरीत पहिल्या आणि आठव्या दिवशी ती शिरेतून द्यायची. या जोडीमागचा मुख्य आधार म्हणजे २०१० साली प्रसिद्ध झालेला एबीसी-०२ हा अभ्यास. त्यात पित्तमार्गाच्या वाढलेल्या कर्करोगाचे ४१० रुग्ण होते. एकट्या जेमसिटाबिनवर मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ, ८.१ महिने होते, ते सिस्प्लॅटिन जोडल्यावर ११.७ महिने झाले. हे आकडे आमच्या केमोच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितले आणि त्यांची मर्यादाही सांगितली, ती अशी की तो अभ्यास ऑपरेशन होऊ न शकणाऱ्या रुग्णांचा होता. गाठ आकसवून ऑपरेशनपर्यंत नेण्यासाठी तीच औषधे वापरणे हा पुढचा विचार आहे, आणि पित्ताशयाच्या कर्करोगात त्याचा पुरावा अजून तेवढा भक्कम नाही. २०२२ साली याच जोडीला ड्युर्व्हॅलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध जोडून केलेल्या टोपाझ-१ या अभ्यासात मध्यक आयुर्मान ११.५ वरून १२.८ महिन्यांवर गेले. आमच्याशी त्याचीही चर्चा झाली आणि ताईसाठी ते घ्यायचे नाही असे एकत्र ठरले. निर्णय वेगळा झाला असता तरी चालले असते. तो आमच्याशी बोलून झाला, याला मी जास्त महत्त्व देते.

डे-केअर विभागाबद्दल तक्रारीला जागा नाही. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना त्रास देते म्हणून आधी आणि नंतर भरपूर सलाईन, त्यात मॅग्नेशियम, प्रत्येक वेळी क्रिएटिनिनची तपासणी, कानात आवाज येतो का, बोटांना मुंग्या येतात का याची विचारपूस, हे सगळे न चुकता होई. ताईच्या हातांच्या शिरा दुसऱ्या फेरीतच रुसल्या. दोनदा सुई चुकल्यावर तिथल्या परिचारिकेने स्वतःच तिसरा प्रयत्न थांबवला आणि दंडातून कायमची नळी बसवण्याची शिफारस डॉक्टरांकडे नेली. तिसऱ्या फेरीत आठव्या दिवशी प्लेटलेट्स इतक्या घसरल्या की डोस पुढे ढकलावा लागला. आम्हाला वाटले, सगळे गणित बिघडले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की एक डोस आठवडाभर उशिरा गेल्याने जेवढे नुकसान होईल, त्याहून अधिक नुकसान रक्तस्राव झाल्यास होईल.

चार फेऱ्यांनंतर पुन्हा स्कॅन झाला. या वेळी शल्यविशारदांनी जुना आणि नवा असे दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. गाठ पाच सेंटीमीटरवरून तीनवर आली होती, ग्रंथी बारीक झाल्या होत्या, आणि ती काळी रेघ पुसट का होईना, सलग दिसत होती. सीए १९-९ पहिल्या आकड्याच्या एक पंचमांशावर आले होते. आम्हाला वाटले, आता तारीख मिळणार. बोर्डाने आणखी दोन फेऱ्या सांगितल्या, कारण औषध काम करत असताना आजाराचा स्वभाव अजून थोडा तपासून पाहावा, असा त्यांचा विचार होता. जी गाठ चार-पाच महिने औषधाखाली शांत राहते, ती ऑपरेशननंतर लगेच उसळण्याची शक्यता कमी असते; आणि जी मधल्या काळातच दुसरीकडे डोके वर काढते, तिच्यासाठी ऑपरेशन करून रुग्णाचे उरलेले बळ खर्च करण्यात अर्थ नसतो. वाट पाहणे हीदेखील एक चाचणीच असते, हे मला तेव्हा समजले.

सहावी फेरी संपली आणि आमची गाडी नेमकी इथेच अडली. शेवटच्या डोसनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत ऑपरेशन व्हावे, म्हणजे रक्तपेशी सावरतात आणि गाठीला पुन्हा वाढायला फार वेळ मिळत नाही, असे आम्हाला सांगितले होते. केमो विभागाने त्यांच्या बाजूने कागद पूर्ण केले. शस्त्रक्रिया विभागाला मात्र ते कागद पोहोचल्याचे माहीत नव्हते. भूलतज्ज्ञांची तपासणी कोणी लावायची, हृदयाची चाचणी जुनी चालेल की नवी हवी, स्कॅन पुन्हा करायचा तर कोणाच्या चिठ्ठीवर, या प्रश्नांसाठी आम्ही दोन मजल्यांच्या मध्ये आठ दिवस जिने चढत-उतरत होतो. जे रुग्णालय बैठकीच्या खोलीत इतके एकदिलाने निर्णय घेते, तिथे त्या निर्णयाची अंमलबजावणी करणारा एक माणूस असू नये, हे मला पटत नाही. शेवटी ट्यूमर बोर्डाच्या समन्वयिकेला मी स्वतः शोधून काढले आणि त्यांनी एका दुपारी सगळे मार्गी लावले. त्यांचे नाव आणि फोन पहिल्याच दिवशी फाईलवर लिहून दिला असता तर हे आठ दिवस वाचले असते. एरवी आठ दिवस ही मोठी बाब नव्हे; शेवटच्या डोसनंतर मोजलेल्या आठवड्यांत ती मोठी होती.

ऑपरेशन सहाव्या आठवड्यात झाले. आधी दुर्बिणीतून पोटाचा पडदा तपासला; स्कॅनमध्ये न दिसणारे बारीक कण तिथे सापडले असते तर तिथेच थांबायचे ठरले होते. ते स्वच्छ निघाल्यावर पोट उघडून महारोहिणी आणि महाशीर यांच्या मधली एक ग्रंथी काढून लगोलग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली. तिथे आजार असता तर तो दूर पसरलेला मानला गेला असता आणि मोठी शस्त्रक्रिया झाली नसती. या पहिल्या तासात ऑपरेशन थांबू शकते, हे आम्हाला आदल्या संध्याकाळी समजावून सांगितले होते, म्हणून बाहेर बसलेल्या आम्हा सर्वांचे डोळे दारापेक्षा घड्याळावर अधिक होते. दीड तास उलटला, कोणी बाहेर आले नाही, आणि आम्हाला हायसे वाटले. पुढे पित्ताशय, त्याला लागलेले यकृताचे चौथ्या-ब आणि पाचव्या भागाचे अंग, त्या परिसरातील लसीका ग्रंथी आणि पित्तनलिकेचा बाधित भाग असे सर्व एकत्र काढण्यात आले आणि उरलेली पित्तनलिका लहान आतड्याच्या वळशाला जोडण्यात आली. एकूण सात तास लागले.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. पाचव्या दिवशी पोटातल्या ड्रेनमधून पित्त झिरपू लागले. जोडलेल्या जागेतून अशी गळती होऊ शकते, हे आम्हाला आधीच सांगितले होते. रोज सकाळी राउंडवर येणाऱ्या निवासी डॉक्टर ड्रेनचा आकडा स्वतः वाचत, वाकून रंग पाहत आणि आदल्या दिवसाचा आकडा ताईला विचारत. ताईला तो पाठ असे. ताप नव्हता, आकडा उतरत होता, म्हणून पुन्हा पोट न उघडता वाट पाहिली गेली, आणि तिसऱ्या आठवड्यात गळती आपोआप थांबली.

पॅथॉलॉजीचा अहवाल यायला दहा दिवस लागले. कापलेल्या सर्व कडा कर्करोगमुक्त होत्या. अकरा ग्रंथी तपासल्या होत्या, त्यांतील एकीत आजार होता. किमान सहा ग्रंथी तपासल्या गेल्या तरच आजाराचा टप्पा विश्वासाने ठरवता येतो, त्यामुळे हा आकडा मी मुद्दाम पाहिला आणि अशा उपचारांतून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो पाहावा. गाठीतही औषधाने मेलेला भाग आणि जिवंत पेशी दोन्ही होत्या. पुढच्या टप्प्यासाठी ताईला सहा महिने कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या. ऑपरेशननंतर हे औषध देण्याची रीत बिलकॅप या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ४४७ रुग्णांच्या अभ्यासावर टेकलेली आहे. त्यात गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ५१ महिने आणि न घेणाऱ्यांचे ३६ महिने होते, पण मुख्य संख्याशास्त्रीय कसोटीवर हा फरक सिद्ध होण्याच्या थोडा अलीकडेच राहिला. शिवाय त्या रुग्णांना आधी केमो मिळालेली नव्हती. हे सर्व ऐकून ताईने गोळ्या घ्यायचे ठरवले. तळहात आणि तळपाय सोलवटले, एकदा मात्रा कमी करावी लागली, पण कोर्स पूर्ण झाला. काढलेल्या गाठीची हर-२ (पेशींवरील एका प्रथिनाची) ही चाचणीही डॉक्टरांनी आपणहून करून ठेवली, कारण पित्ताशयाच्या कर्करोगात काही रुग्णांमध्ये ती सकारात्मक निघते आणि आजार परतला तर त्यावर लक्ष्य साधणारी औषधे वापरता येतात. ताईची नकारात्मक आली.

दोन उणिवा आणखी नोंदवते. केमोच्या काळात ताईचे वजन नऊ किलोंनी उतरले, तरी आहारतज्ज्ञांची भेट आम्हाला पाचव्या फेरीनंतर, तीही मागून घ्यावी लागली. इतक्या मोठ्या ऑपरेशनच्या तयारीत शरीराचे बळ हा औषधाइतकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि तो पहिल्या फेरीपासून कोणाच्या तरी अंगावर असायला हवा. दुसरे म्हणजे घरी सोडतानाचा कागद. त्यात सगळे होते, पण वैद्यकीय भाषेत. कोणत्या तापाला थांबायचे, कोणत्या तापाला धावत यायचे, हे आम्हाला फोन करून विचारावे लागले. पित्तनलिका आतड्याला जोडलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला तर तो नलिकेतला संसर्ग असू शकतो आणि तासाभराचीही दिरंगाई महागात पडते. एवढे एक वाक्य साध्या शब्दांत त्या कागदावर असायला हवे होते.

ही सेवा मी कोणाला सुचवेन? ज्यांची गाठ यकृतात किंवा जवळच्या ग्रंथींत शिरली आहे, पण दूर कुठे गेलेली नाही, आणि ज्यांची तब्येत सहा महिन्यांचे औषध सोसेल, त्यांनी थेट ऑपरेशनला होकार देण्यापूर्वी अशा एकत्रित विभागात एकदा तरी स्कॅन दाखवावेत. ज्यांचा आजार दूर पसरलेला आहे, त्यांनी मात्र केमोनंतर ऑपरेशन होईलच या आशेवर येऊ नये. तिथले डॉक्टर तसे वचन देत नाहीत, आणि कोणी देत असेल तर मला त्याची काळजी वाटेल. जाण्यापूर्वी विचारावे की ट्यूमर बोर्ड खरोखर बसतो का आणि त्याचा निर्णय लेखी मिळतो का, अशा प्रकारची यकृताची ऑपरेशने तिथे नियमित होतात का, आणि रात्री नळी बंद पडली तर ती बदलणारा माणूस तिथे आहे का. पहिल्या भेटीत समन्वयिकेचा फोन मागून घ्यावा.

ऑपरेशनला चौदा महिने झाले. दर तीन महिन्यांनी स्कॅन होतो, आणि शेवटचा स्वच्छ आला. ताईच्या बरगडीखाली नळीची छोटी गोल खूण उरली आहे. वही अजून तिच्या कपाटात आहे. तिच्या शेवटच्या पानावर शून्य मिलिलिटर अशी नोंद आहे, आणि खाली तिने स्वतःच्या हाताने तारीख घातली आहे.